कागदाची तपासणी

हार्शोश, ९ ऑक्टोबर १९९७

एमोके,

पत्राच्या पहिल्या ओळीत आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे. आम्ही बरे नाही, म्हणून ती ओळ सोडली.

तुझ्या इस्पितळातून आम्ब्रुशच्या नावाने जाडजूड पाकीट आलं. मला वाटलं, बोलावणं आलं. गेल्या मे महिन्यात तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याची छाती ऐकून सांगितलं होतं, थंडीच्या आधी बोलावू, रक्त तपासू आणि ते घरी ठेवायचं ऑक्सिजनचं यंत्र द्यायचं की नाही ते ठरवू. तेव्हापासून मी पोस्टवाल्या बाईची वाट बघते. तिला दारातच थांबवून पाकीट फोडलं. आत काय, तर चार पानं प्रश्न! आणि खाली तुझी सही. मावसबहिणीची पोरगी शिकून इस्पितळात लागली म्हणून मी गावभर मिरवते. तो तोरा जरा उतरला.

आम्ब्रुशने पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "तीस वर्षं खाणीत होतो, तेव्हा कोणी विचारलं नाही दम लागतो का. आता विचारतात." आणि कागद कोळशाच्या बादलीत टाकला. मी काढला, झटकला आणि मीच भरला. चालतं ना? तो बोलायला लागला की तीन शब्दांनंतर थांबतो आणि त्यातले दोन शिव्या असतात. त्याच्यापेक्षा मी जास्त सांगू शकते. चौतीस वर्षं झाली लग्नाला.

प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे होते, त्यातल्या एकाला गोल करायचा होता. केला. जिना चढणं, अंघोळ, बूट घालणं, चालता चालता बोलणं, जिथे जो आकडा त्याच्या वाट्याचा तो दिला. एकदोन ठिकाणी थोडी दया केली, कारण तो समोरच बसला होता आणि डोळे वटारत होता. गवत कापायचं यंत्र ढकलताना दम लागतो का, असाही एक प्रश्न आहे. आमच्याकडे गवत शेळी कापते. तिला दम लागत नाही. तो प्रश्न कोरा ठेवलाय.

आता यंत्रासाठी बोलावणं कधी येणार तेवढं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

गिझीमावशी


२० ऑक्टोबर १९९७

प्रिय गिझीमावशी,

तुमचं पत्र आणि भरलेला कागद दोन्ही मिळाली. शेळीचं वाचून आमच्या खोलीत सगळे हसले. तो प्रश्न बदलायचा असं मी वहीत टिपून ठेवलं आहे.

आधी गैरसमज दूर करते. हा कागद परदेशात तयार झाला आहे. छातीच्या रुग्णाला रोजच्या जगण्यात किती त्रास होतो ते त्यावरून कळतं. आपल्या देशात तो अजून कोणी वापरलेला नाही. आम्ही तो आपल्या भाषेत आणला, आता आपल्या माणसांना तो नीट लागू पडतो का हे बघायचं आहे. म्हणजे आत्ता काकांची तपासणी चाललेली नाही, कागदाची चालली आहे. त्यासाठी शंभर रुग्ण हवे आहेत. आपल्या भागातले मी गोळा करते आहे. खरं तर रुग्णाने स्वतःच भरायला हवा, पण तुम्ही काकांना विचारूनच भरला असेल असं धरून मी ठेवून घेतला.

आणि एक चांगली बातमी. काकांच्या उत्तरांची बेरीज बघून मला इतका आनंद झाला की मी ती मोठ्या डॉक्टरांना नेऊन दाखवली. इतका कमी त्रास असलेले रुग्ण आमच्याकडे फार थोडे आहेत. त्यांनाही बरं वाटलं. यंत्रं सहाच आहेत, त्यामुळे थंडीआधी ज्यांची अवस्था वाईट आहे त्यांनाच ते बोलावणार आहेत. काकांना एप्रिलची तारीख दिली आहे. फक्त जेवणाचा त्रास दिसतो. तळलेलं आणि चरबीचं थोडं कमी द्या.

काकांना नमस्कार.

तुमची एमोके


हार्शोश, २७ ऑक्टोबर १९९७

एमोके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी चष्मा लावून, मग चष्मा पुसून, मग आम्ब्रुशला मोठ्याने वाचून दाखवलं. कोणालाच काही कळलं नाही.

तुला आनंद कशाचा झाला? काल आम्ही कबरी साफ करायला निघालो होतो. पहिल्या नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, शेवंती ठेवायची तर आधी गवत उपटायला नको का? आपल्या दारापासून फाटकापर्यंत सव्वीस पावलं आहेत. मी मोजली, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. सव्वीस पावलांत तो दोनदा थांबला. फाटकाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तू जा. आईला सांग... पुढच्या वर्षी... मीच येतो तिकडे राहायला." मी म्हटलं, तोंड सांभाळ. आणि तू मला लिहितेस, एप्रिल!

आणि जेवणाचा त्रास कुणी सांगितला? या माणसाची एकच गोष्ट धड आहे, ती म्हणजे जेवण. कोबीची भाजी दोन ताटं खातो. मधे दम खायला थांबतो, पण ताट सोडत नाही. त्याची चरबी बंद केली तर तो मला घराबाहेर काढेल.

कागदाची तपासणी म्हणजे काय ते मला कोणीतरी समजावून सांगा. कागदाला खोकला येतो का? कागद चार पायऱ्या चढून निळा पडतो का? माणूस इथे बसलाय आणि तुम्ही तिकडे कागदाची छाती ऐकताय. मी सहा यत्ता शिकलेली बाई आहे, माझं चुकत असेल. पण मग नीट सांग.

डॉक्टरांना म्हणावं, एप्रिल फार लांब आहे. थंडीत कोळशाच्या धुराने त्याचं काय होतं ते गेल्या वर्षी मी बघितलंय.

गिझीमावशी


६ नोव्हेंबर १९९७

प्रिय गिझीमावशी,

रागावू नका. तुमचं पत्र मी मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पत्रात माणूस तक्रार करतो, आकड्यांत करत नाही, म्हणून आकडे धरायचे. तुम्हीही विचार करा. आपल्या भागात कोणाला कसं काय विचारलं तर "मस्त" असं उत्तर मिळतं का? माझी आई तापातून उठून नाचायला गेली तरी "जगतेय कशीतरी" म्हणायची. मी तुम्हाला खोटं पाडत नाही. पण सगळीच माणसं पत्रात सव्वीस पावलं लिहितात, त्यांतून निवड कशी करायची हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे.

सोबत तोच कागद पुन्हा पाठवते आहे. पहिल्यात काही चूक होती म्हणून नव्हे, ही पद्धतच आहे. मधे काही आठवडे जाऊ द्यायचे आणि त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. तब्येत तशीच असेल तर उत्तरंही तशीच यायला हवीत. तशी आली तर कागद भरवशाचा. म्हणून पहिल्यांदा काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न करू नका. जे वाटेल ते लिहा.

तुमची एमोके


हार्शोश, १५ नोव्हेंबर १९९७

एमोके,

कागद भरून सोबत पाठवतेय. चूक नव्हती म्हणतेस, मग परत का पाठवलास? शाळेत बाई वही परत देऊन म्हणायच्या, "गिझेला, पुन्हा लिही," तेव्हा पहिलं बरोबर असल्याचं मला तरी आठवत नाही. एवढं कळायला सहा यत्ता पुरतात.

आम्ब्रुशला विचारलं, यांना काय हवं असेल? तो म्हणाला, "तू खोटं बोललीस असं वाटतंय त्यांना." मी विचार केला, बरोबर आहे. पहिल्या वेळी मी त्याची थोडी दया केली होती. म्हणून यांना वाटलं, हा हिंडताफिरता माणूस आहे. या वेळी त्याला शेजारणीकडे पाठवलं, बाकावर बसवलं, आणि एकटीने भरला. आता कुठेच दया नाही. जेवणसुद्धा खाली आणलं, कारण तुमचे डॉक्टर म्हणतात जेवणाचा त्रास आहे आणि ते शिकलेले आहेत. शेळीच्या प्रश्नालाही गोल केला, कोरं ठेवलं म्हणून कोणी बोलायला नको.

आता तरी बोलावतील. बोलवायलाच पाहिजे. तो आता वरच्या खोलीत झोपत नाही. स्वयंपाकघरात बाकावर गादी घातली आहे. बसूनच झोपतो. जागा असला तर म्हणतो, "मी काय कोंबडी आहे का?" झोपला की काही म्हणत नाही, आणि तेच मला आवडत नाही.

उत्तर लवकर दे. या वेळी पद्धत वगैरे समजावू नकोस, तारीख लिही.

गिझीमावशी


२८ नोव्हेंबर १९९७

प्रिय गिझीमावशी,

हे पत्र दोनदा सुरू करून फाडलं.

दुसरा कागद पहिल्यापेक्षाही चांगला आला. त्रास जवळजवळ नाहीच. जेवणाचाही गेला. मी बेरीज तीनदा केली. मोठे डॉक्टर म्हणाले, इतक्या बऱ्या माणसाने एप्रिलची तरी जागा का अडवायची? गरज पडली तर गावच्या डॉक्टरांना दाखवावं. काकांचं नाव यादीतून काढलं आहे. हे मला तुम्हाला कळवायला सांगितलं, म्हणून कळवते आहे.

पण मावशी, पत्रात काका बसून झोपतात आणि कागदावर ते धावतात. दोन्ही तुमच्याच हातचं आहे. मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते. तुम्ही एखाद्याला तोंडावर गाढव म्हणाल, पण खोटं बोलणार नाही. मग हे काय आहे? आमचं काम सोडा, मला एवढंच सांगा. तुम्ही कागद भरलात कसा? एखादा प्रश्न घ्या, जिन्याचा घ्या. वाचल्यावर मनात काय आलं आणि कुठला आकडा का निवडलात, ते जसंच्या तसं लिहा.

एमोके


हार्शोश, ८ डिसेंबर १९९७

एमोके,

धावतो! तुझं पत्र आलं तेव्हा धावणारा माणूस टेबलाला धरून उभा होता आणि एक मोजा हातात घेऊन दुसऱ्या पायाकडे बघत होता. मी वाचून दाखवलं तर हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला थांबेपर्यंत सूप उतू गेलं.

काल त्याचा नामदिन झाला, त्याच्या नावाच्या संताचा दिवस. खाणीतले जुने लोक आले होते, दरवर्षी येतात. आलुबुखाराची दारू ओतली, पेले उचलले, "आम्ब्रुश, शंभर वर्षं जग" म्हणाले. त्याने उत्तर द्यायचं असतं. दरवर्षी देतो, आणि त्यात माझ्यावर एक तरी टोमणा असतो. काल उभा राहिला. "मित्रांनो" म्हणाला. मग नुसताच उभा. ओठ निळे. कोणी कुठे बघावं ते कोणाला कळेना. शेवटी म्हाताऱ्या बार्नाने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "समजलं, आम्ब्रुश. छान बोललास." खसखशीचा केक तसाच ठेवून सगळे तासाभरात गेले. असं आपल्या घरात कधी झालं नाही.

आणि तू विचारतेस, कागद कसा भरला! कसा भरतात? मार्क दिले. शाळेत देतात तसे. जिना चढणं? येत नाही. एक. नापास. अंघोळ एकट्याने? येत नाही. एक. नापास. बूट? पहिल्या वेळी दोन दिले होते, कारण डावा घालतो. दुसऱ्या वेळी तोही एक केला. जेवणाला आधी चार दिले होते. पाच नाही दिले, कारण मधे थांबतो. नंतर तुमच्या सांगण्यावरून तिथेही एक. माझ्या नवऱ्याला मी माझ्या हाताने सगळ्या विषयांत नापास केलं. याहून जास्त काय करू? यापेक्षा खालचा आकडा कागदावर नव्हता, नाहीतर तोही दिला असता.

आणि असा सगळ्यांत नापास झालेला माणूस तुमच्याकडे पहिला येतो! हे कुठलं इस्पितळ आहे?

गिझेला


१२ डिसेंबर १९९७

मावशी,

आकडे उलटे आहेत.

या कागदावर एक म्हणजे त्रास नाही आणि पाच म्हणजे फार त्रास. तसं पहिल्या पानावर वरच्या ओळीत छापलंय, बारीक अक्षरात, एकदाच. ज्या देशातून कागद आला तिथे शाळेत पाच म्हणजे उत्तम असं नसतं. तिथल्या माणसांची काही गडबड होत नाही. आणि मी? मी हार्शोशच्याच शाळेत शिकले, जिथे पाच म्हणजे सगळ्यात वरचे मार्क. गणितात पाच मिळाले की आई शेजारीपाजारी सांगत फिरायची. भाषांतराच्या टेबलाभोवती आम्ही चौघे बसलो होतो. एकेका शब्दावर आठवडा आठवडा भांडलो. आकड्यांकडे कोणी बघितलंच नाही. आकड्यांचं भाषांतर करावं लागत नाही असं आम्ही धरून चाललो.

काल सगळे कागद बाहेर काढले. आत्तापर्यंत एकसष्ट आलेत. त्यातले एकोणीस मला संशयाचे वाटतात, बहुतेक खेड्यातले, पन्नाशीच्या पुढचे. एका आजोबांच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने समासात "आश्चर्यकारक सुधारणा" असं लिहून ठेवलं होतं. त्यांच्या घरी आज फोन केला. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. कागद फक्त कागदाच्या तपासणीसाठी होता, तो मी आनंदाच्या भरात त्यांच्यापुढे नेऊन ठेवला, ही माझी चूक आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, "आधी त्या माणसाला आणा."

बुधवारी, १७ तारखेला, सकाळी आठ वाजता रुग्णवाहिका फाटकाशी येईल. सव्वीस पावलं चालू देऊ नका. ते खुर्ची आणतील.

एमोके


हार्शोश, ९ जानेवारी १९९८

एमोके,

एवढे दिवस लिहिलं नाही. राग होता. कोणावर ते ठरत नव्हतं, म्हणून थांबले.

खुर्चीवर बसायला तो तयार नव्हता. गाव बघतंय म्हणे. मी म्हटलं, गावाने तुला नामदिनाला बघितलंय, आता काय राहिलंय? मग बसला. इस्पितळात त्यांनी मनगटातून रक्त काढलं, नळीत फुंकर मारायला लावली. त्याने मारली, पण नळीला काही कळलं नाही. मोठे डॉक्टर मात्र कळलेल्या चेहऱ्याने उभे होते. मला म्हणाले, "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, दोनदा कागदावर सांगितलं आणि तीनदा पत्रात. आता तोंडाने सांगते, ऐकू येतंय ना?" ते लाल झाले. माणूस वाईट नाही.

तू तिकडे बाहेर भिंतीशी रडत उभी होतीस. मी मुद्दाम जवळ आले नाही. रडणाऱ्या माणसाशी बोललं की आपणही रडतो, आणि मला त्याचे बूट घालायचे होते.

आता ऐक. यंत्र मिळायला हवं असं ठरलं. पण सहाच्या सहा नोव्हेंबरात वाटून झाली. एखादं परत आलं की पहिला नंबर आपला, असं ते म्हणाले. परत आलं की! ते यंत्र कोणी बरं होऊन परत करत नाही, एवढं मला कळतं. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले आणि काय मागावं तेच कळेना. यंत्र मागितलं तर कुठल्यातरी घरात मी मरण मागते. नाही मागितलं तर स्वयंपाकघरातल्या बाकावर मागते. शेवटी काहीच न मागता उठले. पाद्रीबाबांनाही विचारलं नाही, ते गोड बोलतील आणि माझं डोकं अजून फिरेल.

चूक कोणाची हे अजून समजत नाही. तू म्हणतेस तुझी. वरची ओळ मी वाचली नव्हती, म्हणजे माझी. आम्ब्रुश म्हणतो त्याची, त्याने स्वतः भरला असता तर! पण शाळेत तोही माझ्याच बाकावर होता, त्यानेही तेच केलं असतं.

कागद कसा सुधारावा असं तू निघताना जिन्यात गाठून विचारलंस. आकडे काढून टाक. माणसाने माणसाला विचारावं तसं शब्दांत लिही. गवताचं यंत्र काढ. त्याऐवजी विचार, लाकडाची टोपली आत आणता येते का? डुक्कर कापायच्या दिवशी शेवटपर्यंत उभं राहता येतं का, की बारा वाजताच आत येऊन बसावं लागतं? आमच्याकडे बारा वाजता आत येऊन बसलेल्या पुरुषाला सगळं गाव ओळखतं. गालिच्यावर झाडणीचं यंत्र फिरवणं पुरुषांना विचारू नकोस. धडधाकट असतानाही त्यांना येत नाही.

गिझीमावशी


४ फेब्रुवारी १९९८

प्रिय गिझीमावशी,

शुक्रवारी यंत्र येईल. सोबत एक माणूस येऊन लावून देईल आणि दोघांना शिकवेल. शेगडीपासून लांब ठेवायचं, आणि काकांनी ते लावून पाइप ओढायचा नाही, हे मी आत्ताच सांगते, कारण तो माणूस लाजाळू आहे.

कोणाचं होतं ते विचारू नका. मी सांगणार नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही लिहिलेले सगळे बदल आम्ही केले. टोपलीचा आणि डुकराच्या दिवसाचा प्रश्न वाचून मोठे डॉक्टर म्हणाले, "हे आपल्याला का सुचलं नाही?" जुने एकसष्ट कागद रद्द झाले. सगळं पहिल्यापासून करायचं. माझ्या बरोबरीचे लोक मला फार काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नवा कागद सोबत आहे. आकडे नाहीत. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी, एवढेच शब्द प्रत्येक प्रश्नाखाली. या वेळी फक्त काकांनी भरायचा. मावशी, तुम्ही त्या खोलीतही थांबू नका.

तुमची एमोके


हार्शोश, २६ फेब्रुवारी १९९८

एमोके,

यंत्र आलं. कपाटाएवढं नाही, मला वाटलं होतं कपाटाएवढं असेल. फ्रिजसारखं घुर्र करतं. पहिले दोन दिवस शेळी ओरडत होती, मग तिला सवय झाली. आम्ब्रुशच्या नाकात नळी आहे. आता तो एका दमात आठ शब्द बोलतो. त्यातले दोनच शिव्या असतात, बाकी सहा नुसते मला हुकूम. ओठांना रंग आलाय. सोमवारी दाढी स्वतः केली. ज्या घरातून ते यंत्र आलं त्या घरासाठी रविवारी मेणबत्ती लावली. नाव माहीत नाही, तरी लावली.

कागदाचं सांगते. मी खोलीत थांबले नाही. त्याने पेन्सिल सुरीने तासली आणि तीन दिवस घेतले. तीन दिवस! मी अर्ध्या तासात भरायचे. मधेच बाहेर येऊन विचारायचा, "क्वचित म्हणजे किती?" मी म्हणायचे, मला विचारू नकोस, एमोकेचा हुकूम आहे. शेवटी पाकिटात घालून माझ्याकडे दिला, चिकटवायला. मी आधी वाचला. नाही वाचणार असं मी कुठेही कबूल केलं नव्हतं.

बऱ्याच ठिकाणी मी त्याला ओळखलंच नाही. मला वाटत होतं, हसला की त्याला खोकला येणारच. तो लिहितो, क्वचित त्रास. मला वाटत होतं, एकटं बसायला त्याला आवडतं. तिथे लिहितो, भीती वाटते, बहुतेक वेळा. चौतीस वर्षं आणि दोन कागद, आणि हे मला माहीत नव्हतं.

आणि सतराव्या प्रश्नावर येऊन बसले. आजारामुळे तुमच्या घरच्या माणसांना त्रास होतो असं वाटतं का? त्याने "नेहमी"ला गोल केलाय. इतका दाबून की पेन्सिल मागे उमटली.

मला राग आला. मी आत गेले आणि म्हटलं, "कोणी सांगितलं तुला? मी कधी तोंडातून काढलं?" तो म्हणाला, "तोंडातून नाही." मग थांबला. दम नव्हता म्हणून नाही, नुसताच थांबला. म्हणाला, "मी खोकायला लागलो की तू श्वास धरून ठेवतेस. मी थांबलो की सोडतेस. आठ वर्षं झाली. कधीकधी मला वाटतं, लवकर थांबावं, नाहीतर हीच आधी जाईल."

मी म्हटलं, काहीतरीच काय. मी असलं काही करत नाही. "कधीच नाही"ला गोल कर. तो म्हणाला, "प्रश्न मला विचारलाय, तुला नाही." हे तर खरं. तुमचा कागदच तसा आहे.

मग काल मी लक्ष ठेवलं. बटाटे सोलत होते आणि तो खोकला. खरं आहे, एमोके. हात थांबला, सुरी थांबली, छाती दगडासारखी. तो थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही. कोणी कॅमेरा लावून दाखवलं असतं तरी मी मानलं नसतं.

तुमची कागदाची तपासणी मला अजून समजलेली नाही, आणि समजावून सांगू नकोस. मी यात एकही गोल खोडलेला नाही. सतरावाही नाही. जसा आहे तसा घे.

आत्ता पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात तो आतून खोकला. मी पाकीट खाली ठेवलं आणि श्वास घेतला, मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असा.

गिझीमावशी